खंडेनवमीला पुजलेला बोर्ड

आमच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवणासाठी कधी वापरलंच गेलं नाही. सासूबाई त्यावर कोकमं पसरायच्या, नवरा इस्त्रीचे कपडे टाकायचा आणि जेवायला आम्ही सगळे टीव्हीसमोर, ताट मांडीवर घेऊन. त्यामुळे अंधेरीच्या कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला आणि मी घरी बसले, तेव्हा ते टेबल खिडकीशी ओढून त्यावर माझी प्रयोगशाळा थाटायला कुणाची परवानगी लागली नाही. भांडुपला डोंगराच्या अंगाला आमची इमारत आहे. सकाळी खिडकीतून चांगला उजेड येतो आणि बारीक सोल्डरिंगला तो बरा पडतो.

अगदीच घरी बसले होते असंही नाही. पुण्याची एक नोकरी हातात होती. पगार चांगला, काम ओळखीचं, पण आठवड्याचे पाच दिवस तिकडे राहायचं. नवऱ्याची विमानतळावर पाळ्यांची नोकरी. मी गेले तर बाबा, म्हणजे माझे सासरे, दिवसभर एकटे भिंतीकडे बघत बसणार हे दिसत होतं. पुणेवाल्यांना दिवाळीआधी हो किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हणायचं तर हाताशी दुसरं काम हवं, आणि ते काम होतं मुलुंडला.

मुलुंडचा एक छोटा कारखाना विजेवर चालणाऱ्या मालवाहू रिक्षांसाठी मीटरची पॅनल बनवतो. मोटर जोरात फिरली की त्यांच्या पॅनलवरचा वेगाचा आकडा मधूनच गोठायचा. त्यांना नवी चिप निवडून हवी होती. मी लांबलचक तुलना करून पाठवली, ती मालकांनी उघडलीसुद्धा नसावी. फोनवर म्हणाले, "मॅडम, कागदावरचं मला काय समजत नाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना उघडतो. आमच्या मोटरच्या बाजूला ठेवून चालवून दाखवा. चाललं तर काम तुमचं." मला हे बोलणं आवडलं. मोटर खोटं बोलत नाही.

हे काम नेमकं काय, ते सांगते. हल्लीच्या गाडीत एकच मेंदू नसतो. ब्रेकचा वेगळा, बॅटरीचा वेगळा, मीटरचा वेगळा. हे सगळे एकमेकांशी दोनच तारांवरून बोलतात. पिळलेल्या तारांच्या त्या जोडीला कॅन बस म्हणतात. प्रत्येक मेंदू आणि ती तार यांच्यामध्ये एक इवलीशी चिप बसवलेली असते, ट्रान्सीव्हर. ती त्या मेंदूचं तोंडही आणि कानही. चिप बनवणारे लोक गिऱ्हाइकाला पारखून बघण्यासाठी ती एका तळहाताएवढ्या बोर्डवर लावून देतात, तो इव्हॅल्युएशन बोर्ड. मी निवडलेल्या चिपेचे असे दोन बोर्ड माझ्या टेबलावर समोरासमोर होते. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, शेजारी कितीही गोंधळ चालला तरी एकही निरोप गळता कामा नये.

तार मी घरीच पिळली. एक टोक दरवाजाच्या कडीला बांधलं, दुसरं ड्रिल मशीनच्या तोंडात धरलं आणि बटण दाबलं. बाबा सोफ्यावरून बघत होते. एके काळी ते गिरणीत सांचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात, फिटर होते, गिरणी गेल्यावर इथेच भांडुपला एका वर्कशॉपमध्ये निवृत्त होईपर्यंत राबले. हातात अवजार धरलेला माणूस दिसला की त्यांना गप्प बसवत नसे. "तसा नको धरू, असा धर," हे ठरलेलं. त्या दिवशी मात्र त्यांनी नुसतं पाहिलं आणि मान वळवली.

मग तारेच्या दोन्ही टोकांना एकशेवीस ओमचा एकेक रेझिस्टर लावला. तो नसला तर निरोप टोकावर आपटून उलटा फिरतो आणि पुढच्याशी भांडतो. मीटर लावून बघितलं, साठ. दोन्ही टोकं नीट असली की दोन एकशेवीस शेजारी-शेजारी मिळून निम्मे, म्हणजे साठच यायला हवेत. इतकी वर्षं हेच केलंय, तरी साठ दिसल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नाही.

या कामातली एक गंमत नव्या माणसाला नेहमी फसवते. तो उत्साहाने एकच बोर्ड चालू करतो आणि बोर्ड वेड्यासारखा एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत सुटतो. वाटतं, बिघडला. बिघडलेला नसतो. कॅनचा नियमच आहे की निरोप पुरा होताहोता ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी "पोचला" अशी खूण करायची. ती खूण आली नाही तर बोलणारा धरून चालतो की कुणी ऐकलंच नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पटलं मात्र सासरी आल्यावर.

बाबांना गोष्टी सांगायची भारी हौस. गावच्या भुताखेतांच्या, गिरणीतल्या जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या, कुणा पाहुण्याच्या फजितीच्या. पण समोरच्याने हुंकार द्यायला हवा. प्रत्येक वाक्यानंतर "हूं". कोकणात गोष्ट ऐकायची ही रीतच आहे, पण बाबांचं त्याबाबतीत जरा जास्तच होतं. सांचेखात्यात एवढा आवाज असे की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नसे. समोरच्याने भुवई उडवली तरच समजायचं की बोलणं पोचलं. ती सवय लागली ती लागलीच. मी घाटावरची, मला पहिली काही वर्षं मालवणी धड कळायची नाही, त्यामुळे माझे हूं नेहमी चुकीच्या जागी पडत. हुंकार देण्याचं काम सासूबाईंचं. त्या आत कोळंबी सोलत असत आणि तिथूनच हूं म्हणत. त्यांनी ती गोष्ट शंभरदा ऐकलेली असायची, तरी हूं नवं असायचं.

सासूबाई गेल्या आणि बाबांनी बोलणंच सोडलं. म्हणजे चहा हवा, औषध संपलं, एवढं बोलायचे. वर्षश्राद्ध श्रावणात झालं. त्यानंतर गणपती आले, तर बाबा गावी गेले नाहीत. कोकणातला माणूस गणपतीला गावी जात नाही म्हणजे काय, हे मी सांगायला नको. नवऱ्याने तिकिटं काढली होती, ती रद्द केली. मला त्यांची काळजी वाटायची आणि खरं सांगायचं तर कधीकधी वैतागही यायचा. टेबलावर मी दिवसभर एकटी आणि सोफ्यावर ते एकटे. मधे पाच पावलांचं अंतर.

नवमीच्या आदल्या दिवशी दोन्ही बोर्ड छान चालू लागले. शेजारी मिक्सर लावला, ड्रिल लावलं, तरी एक निरोप गळला नाही. मी खूश होते. फक्त तारेच्या टोकांना चांगले कनेक्टर हवे होते, म्हणून नवमीला सकाळी घाटकोपरला एका ओळखीच्या दुकानात गेले. येताना रस्ताभर रिक्षा धुतलेल्या, हार घातलेल्या. रिक्षावाले स्वतःही नवरदेवासारखे नटलेले. मला तोवर आठवलंही नव्हतं की आज खंडेनवमी, हत्यारांची पूजा.

घरी दार उघडलं आणि उदबत्तीचा वास आला. बाबा आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसले होते. पाटावर लाल कापड, त्यावर गिरणीतला त्यांचा जुना पाना, कात्री, विळी, नवऱ्याच्या स्कूटरची चावी. आणि मधोमध, सगळ्यांपेक्षा मानाच्या जागी, माझे दोन बोर्ड. पाणी शिंपडलेलं. हळद-कुंकू बोटाने ओलं करून लावलेलं. वर अक्षता आणि झेंडूचं एकेक फूल.

"आज हत्यारांका हात लावचो नाय," बाबा म्हणाले. "उद्या सोना लुटल्यार काढ."

इतक्या महिन्यांत त्यांनी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. पण त्या वेळी माझ्या ते लक्षात यायला हवं होतं ना! माझं लक्ष चिपेच्या पायांमध्ये साचलेल्या लाल पाण्याकडे होतं. मी स्वयंपाकघरात गेले. मागोमाग नवरा आला.

"वाट लागली यार!" मी म्हणाले. "पाणी शिंपडलंय त्यावर. पाणी!"

"हळू बोल ना. किती दिवसांनी उठलाय माणूस."

"उठायला माझाच बोर्ड मिळाला? परवा मुलुंडला काय दाखवू मी, झेंडू?"

"अगं, हत्यार म्हणून पुजलंय त्याने. माझी नुसती चावी ठेवलीय, तुझं बघ कुठे ठेवलंय."

"मानाचं काय करू रे? पुण्याला जाऊ का मान घेऊन?"

आमच्या घरात स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे. बाहेर आलो तर बाबा पुन्हा सोफ्यावर, भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळी नैवेद्याची खीर त्यांनी तशीच ठेवली. रागावण्याचा मला पूर्ण हक्क होता असं मला आजही वाटतं. पण ती वाटी मीच झाकून ठेवली, हेही खरं.

मी बोर्डांना हात लावला नाही. भक्तीने नव्हे, रागाने. शिवाय ओला बोर्ड चालू करणं म्हणजे तो जाळून टाकणं, तो सुकायलाच हवा होता.

दसऱ्याला सकाळी बाबांनी आपट्याची पानं हातावर ठेवली. मी पाया पडले आणि बोर्ड उचलून टेबलावर नेले. फुलं, अक्षता काढल्या, वरवर पुसले, जोडले. पहिल्यांदा चालले. मला हायसं वाटतंय तोवर पहिला बोर्ड अडखळला आणि एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवू लागला. मग आपोआप ठीक. मग पुन्हा तेच. जो दोष सतत असतो तो सापडतो. येऊन-जाऊन असणारा दोष माणसाला रडवतो.

तार तपासली. साठ. वीज तपासली, बरोबर पाच व्होल्ट. कनेक्टर हलवून पाहिले. दुसरा बोर्ड जे ऐकत होता ते मी कॉम्प्युटरवर पाहिलं, तर त्याला प्रत्येक निरोप अक्षर न अक्षर पोचत होता. मग "पोचला" का म्हणत नव्हता? तेव्हा डोक्यात उजेड पडला. या चिपेला एक खास पाय असतो. त्यावर विजेचा दाब चढवला की चिप मुकी होते. ऐकते सगळं, बोलत मात्र नाही. माझ्या बोर्डवर तो पाय एका रेझिस्टरने हलकेच खाली धरून ठेवलेला होता, आणि त्याच्या अगदी लगत पाच व्होल्टचा पाय. दुसरा बोर्ड खिडकीच्या उजेडात तिरका धरला. दोन्ही पायांच्या बुडाशी कुंकवाचा बारीक लाल पूल, आतून अजून ओलसर. त्या पुलावरून थोडीशी वीज झिरपत होती आणि चिपेला मधूनमधून मुकी करत होती.

मी जुना टूथब्रश आणि साफ करायचं स्पिरिट घेतलं. ब्रश लाल झाला.

"पुसतंस?"

बाबा केव्हा पाठीशी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. माझा हात थांबला. पुजलेल्या वस्तूवरचं कुंकू पुसणं, तेही त्यांच्यासमोर. त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष झालंय.

"माझ्यामुळे बिघाडला मां?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. पण गिरणीतल्या फिटरला यंत्राबद्दल खोटं सांगायचं, हे मला जमलं नाही.

"हो, बाबा. पण फार नाही. त्याला ऐकू येतंय सगळं. फक्त हूं म्हणत नाहीये."

त्यांनी खुर्ची ओढली. माझ्या हातातल्या बोर्डकडे वाकून पाहिलं, मग टेबलावरच्या बोलणाऱ्या बोर्डकडे.

"मगे तो पैलो काय करता?"

"तेच सांगत बसतो. पुन्हा पुन्हा. हूं येईपर्यंत."

बाबांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते.

"तुझी सासू अशीच करी," ते म्हणाले. "मी सांगी, नि ती मधीच न्हिदान जाय. हूं बंद. मगे मी ताच वाक्य परत सांगी. चार-चार वेळा सांगी गो. शेवटाक ती झोपेतच म्हणी, हूं. मगे फुडे."

असं म्हणून त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. मी स्पिरिटच्या वासाचं निमित्त केलं नाही. त्या गेल्यापासून त्यांचा विषय बाबांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. नवरा पडद्याशी उभा होता, तो आत गेला आणि चहाचं भांडं वाजायला लागलं.

बोर्ड मी घासून साफ केले, पंख्याखाली ठेवले, मग जोडले. मिक्सर, ड्रिल, सगळं लावलं. एकही निरोप गळला नाही. बाबा कॉम्प्युटरवरच्या पळणाऱ्या ओळी बघत होते, त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण ओळी अडत नाहीत हे दिसत होतं.

"कुंकू खंय लावल्यार चलात?" त्यांनी विचारलं.

कोपऱ्यात स्क्रूच्या भोकाशेजारी थोडी मोकळी जागा असते, तिथून एकही तार जात नाही. मी ती दाखवली. त्यांनी कोरड्या कुंकवात बोट टेकवलं आणि दोन्ही बोर्डांना तिथे एकेक टिंब लावलं. एकही टिंब जागेबाहेर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्रावर कालचे हार होते. मोटर सुरू केली तेव्हा एका हाराच्या पाकळ्या उडून माझ्या बोर्डवर पडल्या. मी त्या उचलल्या आणि आकडे बघत उभी राहिले. मोटरचा वेग वाढवला, कमी केला, मोटर एकदम थांबवली. काही गळलं नाही. मालकांनी वाकून बोर्ड पाहिला, कोपऱ्यातल्या टिंबावर त्यांची नजर गेली.

"याची पण पूजा केली?"

"सासऱ्यांनी केली."

"मग बरोबर," ते म्हणाले. पण काम त्यांनी पूजेमुळे दिलं नाही आणि सगळं दिलंही नाही. तूर्त एकाच पॅनलचं, बाकीचं बघू. मिळकत पुण्याच्या पगाराच्या जवळपासही नव्हती. घरी येताना मी सरळ विचार केला तर हिशेब पुण्याच्याच बाजूने लागत होता. नवरा म्हणाला, "तू ठरव. मी दोन्हीकडे आहे." असं म्हणणारे नवरे फार मदतीचे नसतात.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी संध्याकाळी ओट्याशी उभी होते. एका हाताने कुकर लावत होते आणि दुसऱ्या हाताने पुणेवाल्यांचा मेल उघडत होते, त्यांनी पुन्हा विचारलं होतं. बाहेर टीव्ही बंद झाला. आणि बाबांचा आवाज आला, कुणाला उद्देशून नाही, पडद्याच्या दिशेने.

"आमच्या सांचेखात्यात एक मांजर होता."

मी हातातलं काम थांबवलं.

"हूं," मी म्हणाले.

"तेका सगळे म्हणत बहिरा."

"हूं."

"खरा म्हणजे ता बहिरा नव्हता."

हूं म्हणता म्हणता मी पुणेवाल्यांना उत्तर लिहायला घेतलं होतं. तुमचा प्रस्ताव उत्तम आहे, पण मला मुंबई सोडता येणार नाही, इतकं लिहून झालं होतं. कारण काय द्यावं ते सुचेना. घरगुती अडचण म्हणावं, की हाती दुसरं काम आहे म्हणावं. शब्द शोधण्यात माझा हुंकार द्यायचा राहिला.

मग बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मघापेक्षा जरा मोठ्याने.

"खरा म्हणजे ता बहिरा नव्हता."

मी कारण न लिहिताच मेल पाठवून दिला.

"हूं," मी म्हणाले. "मगे?"